आत कोण

१

राजदीप ऑफिसात आला की आधी सर्व्हर बघे. माणसांशी नंतर बोले, आणि तेही नाइलाज असेल तर.

ऑफिस गोंदियात एका राइस मिलच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर होतं. खाली मिल सुरू झाली की वरची फरशी बारीक थरथरायची आणि दुपारपर्यंत प्रत्येक कीबोर्डवर कोंड्याची पिवळट साय धरायची. कंपनीचं काम होतं खेड्यांतली घरं मोजण्याचं. घर कोणाच्या नावाचं, भिंत मातीची का विटेची, छपरावर कवेलू का पत्रा, खोल्या किती, दारं किती. खांद्याला लॅपटॉप अडकवून ऑपरेटर गावोगाव फिरत, संध्याकाळी डोंगल लावून माहिती पाठवत, आणि सकाळी ती राजदीपच्या डेटाबेसात येऊन बसलेली असे.

राजदीप मूळचा अर्जुनी मोरगावचा, पण हे तो स्वतःहून कोणाला सांगत नसे. सहा वर्षं त्यानं पुण्यात काढली होती. २००९च्या मंदीत तिथल्या कंपनीनं त्याला घरी बसवलं, तेव्हा तो ‘दोनेक महिन्यांसाठी’ म्हणून बायकोला घेऊन गोंदियाला आला आणि वडिलांनी रेल्वेच्या नोकरीत बांधलेल्या घरात उतरला. आता तिसरं वर्ष सुरू होतं. इथलं काहीही त्याच्या पसंतीला उतरत नसे. ऑपरेटर म्हणजे बोटं फुटलेले बैल. मॅनेजर केवलराम म्हणजे शर्ट घातलेला पानठेला. खेड्यातल्या त्या लोकांत मोजून ठेवण्यासारखं आहे तरी काय, हा प्रश्न त्याला रोज पडे, आणि रोज तो त्यांनाच मोजून ठेवी. बायको अल्का हिच्याविषयी त्याचं काहीच मत नव्हतं. छताच्या पंख्याकडे कोणी बघत नाही, तसा तो तिच्याकडे बघत नसे.

त्याचा विश्वास फक्त चौकटीवर होता. डेटाबेसातली माहिती रोज बदलते, ती बदलायलाच असते. पण ज्या चौकटीत ती भरतात, म्हणजे टेबल कोणतं, त्यात कॉलम कोणते, कोणता कॉलम रिकामा सोडता येतो आणि कोणता नाही, ती चौकट कोणी हलवायची नसते. घरात माणसं येतात-जातात, पण भिंती रातोरात सरकत नाहीत. सरकल्याच तर कळावं, म्हणून राजदीपनं एक स्क्रिप्ट लिहिली होती. ती रोज सकाळी कालची चौकट आजच्या चौकटीशी ताडून पाही आणि एका ओळीत निकाल देई. दोन वर्षं ती ओळ एकच होती: फरक नाही.

माघातल्या त्या सकाळी ती ओळ नव्हती. त्या जागी लिहिलं होतं: ‘घर’ या टेबलात नवा कॉलम. नाव, आत_कोण.

२

“हा आत_कोण काय प्रकार आहे?”

रचना ही त्याच्या हाताखालची प्रोग्रामर. तिरोड्याच्या कॉलेजातून शिकलेली, आणि राजदीप तिला ते विसरू देत नसे. तिनं मान वर केली. “कोणता सर?”

“टेबलमध्ये कॉलम टाकलायस तू. निदान नाव तरी इंग्रजीत द्यायचं. ही काय तिरोड्याच्या बाजारातली पाटी आहे?”

“मी नाही टाकला सर. माझ्याकडे तो पासवर्डच नाही. तुम्हीच म्हणाले होते, तुझ्यासारख्यांच्या हातात किल्ल्या देत नसतात म्हणून.”

ते खरं होतं. चौकटीला हात लावण्याचा पासवर्ड फक्त राजदीपच्या डोक्यात होता. त्यानं सर्व्हरच्या नोंदी उलगडून पाहिल्या. आदल्या दिवसापासून कोणी आत शिरल्याची खूण नव्हती. कॉलम जणू टेबलाच्या अंगातूनच फुटला होता.

केवलरामला तो सांगायला गेला तेव्हा केवलराम तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होता. “अरे यार, एक कॉलमच तर आहे. किसी का क्या बिगाड रहा है? कचारगडच्या जत्रेपायी अर्धे ऑपरेटर गायब आहेत, त्याची चिंता कर.”

“तुमच्या घरात उद्या एक खोली जास्त निघाली तर चालेल तुम्हाला?”

“चालेल ना भाई! साला येऊन राहते दर महिन्याले, त्याले देऊन टाकू.” केवलराम स्वतःच्याच विनोदावर खळखळून हसला.

राजदीपनं कॉलम उडवला. पासवर्ड बदलला. संध्याकाळी गावांतली माहिती येऊन पोचल्यावर सर्व्हरची नेटची वायर उपसून तिचं भेंडोळं टेबलावर ठेवलं, खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली. असल्या खेडवळ खोड्यांना एवढा बंदोबस्त पुष्कळ झाला, असं त्याला वाटलं.

३

सकाळी वायरचं भेंडोळं जसंच्या तसं होतं. स्क्रिप्टनं तीच ओळ पुन्हा काढली. शिवाय कॉलम आता रिकामा नव्हता. आदल्या दिवशी गावांतून आलेल्या प्रत्येक घरापुढे त्यात काहीतरी भरलेलं होतं.

ऑपरेटरच्या लॅपटॉपवरचा फॉर्म टेबलावरूनच आपोआप तयार होत असे, हे खरं. टेबलात कॉलम वाढला की फॉर्मवर एक डबा वाढणार. पण काल तर कॉलम त्यानं स्वतः उडवला होता. त्यानं अर्जुनीकडच्या मंगरूला फोन लावला. ऑपरेटरांत त्यातल्या त्यात कमी चुका करणारा हा एक.

“मंगरू, फॉर्मवर खाली एक नवीन डबा दिसतो का?”

“हाव सर. आत कोन. भरून राहिलो ना जी.”

“कधीपासून आहे तो?”

“आता ते कसं सांगू? होताच ना तो.”

“नव्हता.”

“असन मंग,” मंगरू समजुतीनं म्हणाला. वेड्याला म्हणतात तसं.

“अन् लोकांना विचारतोस तरी काय?”

“लिवलं हाय तेच इचारतो. बाकीचे सवाल इचारले का लोकं डोस्कं खाजवतेत सर. दारं किती म्हटलं का घरात जाऊन मोजून येतेत. हा इचारला का खटकन सांगतेत. लहाने पोट्टेबी सांगतेत.”

राजदीपनं फोन ठेवला आणि भरलेली नावं पाहिली. प्रत्येक घराच्या मालकाचं जे नाव वर होतं, तेच खाली ‘आत कोण’मध्ये होतं. त्याला हायसं वाटलं. गाढवांनी वरचं नाव खाली उतरवून काढलं होतं! मूर्खपणा हे कारण त्याला नेहमीच पुरे. एकदा ते सापडलं की तो पुढे शोधत नसे.

पण कॉलम कोणी टाकला, हे मूर्खपणानं सुटत नव्हतं. ते त्यानं दुपारच्या डब्यानंतर पाहायचं ठरवलं, आणि डब्यानंतर पाहिलं नाही.

४

तिसऱ्या सकाळी स्क्रिप्ट म्हणाली: आत_कोण आता अनिवार्य. रिकामा चालणार नाही.

राजदीप ओळीकडे बघत राहिला. या ओळीचा अर्थ ऑफिसात त्याच्याशिवाय कोणालाच लागला नसता, आणि एरवी त्याला याचा अभिमान वाटला असता. कॉलम अनिवार्य करायचा तर त्यात आधीची एकही जागा रिकामी असून चालत नाही. एक जरी रिकामी असली तरी डेटाबेस ती अट घेतच नाही. म्हणजे जुनी घरंसुद्धा भरलेली असायला हवीत. दोन वर्षांपूर्वी मोजून झालेली. ज्यांचे ऑपरेटर नोकरी सोडून गेले, त्यांचीसुद्धा.

त्यानं उघडून पाहिलं. भरलेली होती. सगळी.

तेवढ्यात वीज गेली. खालची मिल घरघरत मंदावली आणि थांबली, आणि रोजच्या त्या आवाजाखाली दडलेली शांतता एकदम वर आली. यूपीएस अंतराअंतरानं टुकटुक करत होता. पलीकडे रचना कोणाशी तरी हळू बोलत होती. मिल बंद पडली तरी फरशी थरथरायची थांबली नाहीय, असं राजदीपला वाटलं. त्यानं पाय उचलून खुर्चीच्या दांडीवर घेतले. मग स्वतःचाच राग येऊन पुन्हा खाली टेकले. पुण्यात असता तर या क्षणी तो चार जाणत्या माणसांशी बोलला असता. इथे बोलणार कोणाशी? पानठेल्याशी?

एकच मार्ग होता. जुन्या घरांपैकी एखादं स्वतः जाऊन पाहायचं, कॉलममधलं नाव थोतांड आहे हे त्या माणसाच्या तोंडून वदवून घ्यायचं, आणि मग सगळ्यांना एका रांगेत उभं करून धुवून काढायचं. त्यानं अर्जुनी मोरगावच्याही पलीकडचं, तलावाकाठच्या एका गावातलं घर निवडलं. मालक बिसराम. खोल्या तीन. आत कोण: बिसराम.

५

मंगरू फाट्यावर उभा होता. ऑफिसची जीप तलावाच्या पाळीपाशी थांबवून दोघं चालत गेले. भरदुपारची वेळ. धान केव्हाच निघालं होतं आणि शेतांच्या बांध्यांमध्ये नुसती खुंटं उरली होती. शेणानं सारवलेल्या अंगणांवरून राजदीप बूट सांभाळत, नाक आक्रसून चालत होता. याच वासातून तो एकदा बाहेर पडला होता, आणि परत यावं लागलं याचा सूड तो प्रत्येक अंगणावर नजरेनं घेत होता.

बिसराम अंगणात खाटेवर बसून अंबाडीच्या वाखाची दोरी वळत होता. पन्नाशीचा, डावा खांदा उजव्याहून उंच, डोक्याला लाल काठाचा दुपट्टा. दोरीचं एक टोक त्याच्या हातात होतं. दुसरं उघड्या दारातून घरात गेलं होतं, कुठल्यातरी खांबाला बांधलेलं असावं.

“घर कोणाच्या नावावर?” राजदीपनं विचारलं.

“माह्याच.”

“आत कोण आहे?”

“मी आहो.” मंगरू म्हणाला होता तसंच, खटकन.

“तुम्ही तर इथं बसलात.”

“हाव ना जी,” बिसराम म्हणाला आणि पीळ देत राहिला.

राजदीप मंगरूकडे वळून हसला. “बघ. हे लिहून घेता तुम्ही लोक.”

मंगरू हसला नाही. “हे घर माह्या आधीचं हाय सर. पन मीबी हेच लिवलं असतं.”

बिसरामची बायको जमुनाबाई पितळी ताटलीत चहाचे पेले घेऊन आली. एक राजदीपला दिला, एक मंगरूला, एक बिसरामला. उरलेला घेऊन ती घरात गेली आणि मोकळ्या हातानं परत आली.

“आत कोणाला दिला?” राजदीपनं विचारलं.

“ह्याइले,” ती म्हणाली आणि हनुवटीनं नवऱ्याकडे खूण केली. सायबाला एवढंही कसं कळत नाही, अशा चेहऱ्यानं.

राजदीपनं पेला खाटेच्या कडेवर ठेवला आणि वाकून दारातून आत शिरला. बाहेरच्या उन्हामुळे पहिल्या खोलीत काही दिसेना. धानाच्या कोठीचा कोंदट वास होता. मग हळूहळू दोरी दिसायला लागली. ती पहिल्या खोलीच्या मधून, कमरेएवढ्या उंचीवरून, ताणलेली अशी पलीकडे गेली होती. कोणी ओढून धरल्याशिवाय दोरी अशी राहत नाही. खांबाला बांधलेली असेल, त्यानं पुन्हा स्वतःला सांगितलं. दुसऱ्या खोलीतही ती तशीच होती, आणि ती फिरत होती. बाहेर बिसराम ज्या अंगानं पीळ देत होता त्याच्या उलट अंगानं, आतून.

तिसऱ्या खोलीला दार नव्हतं, नुसती चौकट होती. आत कोणीतरी पाठमोरं बसलं होतं. कवेलूंच्या फटीतून एक उन्हाची तिरीप त्याच्या दुपट्ट्याच्या लाल काठावर पडली होती. डावा खांदा वर होता. मांडीशेजारी चहाचा पेला, त्यातून वाफ निघत होती.

“कोण आहे?” राजदीपचा आवाज त्याला स्वतःलाच बारीक वाटला.

दोरी थांबली.

“भायेर इचारा ना जी,” बिसरामच्या आवाजात ते म्हणालं, आणि बोलणाऱ्याकडे बघावं म्हणून मान वळवू लागलं.

चेहरा बघायला राजदीप थांबला नाही. चौकट डोक्याला लागली, तेही त्याला अंगणात आल्यावर कळलं. बिसराम खाटेवरच होता. दोरीचा हात थांबवून तो त्याच्याकडे बघत होता.

“आहो ना मी?” त्यानं विचारलं.

६

जीपमध्ये राजदीप खूप बोलला, जे तो कधी करत नसे. जुळा भाऊ असणार. लोक असले खेळ करतात, शहरातला माणूस आला की त्याची मजा बघतात. अंधश्रद्धेचा बाजार सगळा, शंभर वर्षं शाळा काढल्या तरी जाणार नाही. मंगरू खिडकीबाहेर बघत ऐकत होता.

“एकलाच हाय बिसराम,” तो शेवटी म्हणाला. “मायबापाले एकलाच.”

“आणि तुझ्या घरी? तू काय भरलंस?”

मंगरूनं त्याच्याकडे पाहिलं. राजदीप आयुष्यभर लोकांकडे ज्या नजरेनं बघत आला होता, ती नजर त्यानं पहिल्यांदाच समोरून पाहिली. “माहंच नाव सर. दुसरं कोन राहीन?” मग थोडं थांबून, जरा काळजीनं: “तुमचंच राह्यलं.”

“माझं घर गोंदियात आहे. शहर आपल्या कामात नाही.”

“हाव,” मंगरू म्हणाला आणि पुन्हा बाहेर बघू लागला.

दुसऱ्या सकाळी स्क्रिप्टची ओळ वेगळी होती. गावाच्या कॉलमवर राजदीपनं स्वतः एक अट घातली होती, की ठरलेली गावं सोडून दुसरं कोणतंही गाव घ्यायचं नाही. ती अट काढलेली होती. आता टेबल कुठलंही गाव घेणार होतं. कुठलंही घर.

“सर,” रचना मागून म्हणाली. आज तिच्या आवाजात भीती नव्हती, ते त्याला खटकलं. “एक घर अडकून आहे. सेव्हच होत नाही. तुमचं दिसते.”

तिच्या स्क्रीनवर लाल ओळ होती. मालक राजदीप. भिंत विटेची. छप्पर स्लॅबचं. खोल्या तीन. सगळं बरोबर. फक्त शेवटचा डबा रिकामा.

“हे कोणी भरलं?”

“माहीत नाही. सकाळी आलं होतं.”

“तुम्ही सगळे मिळून माझी गंमत करताय,” राजदीप म्हणाला. “तेवढी अक्कल तुमच्यात असती तर बरं झालं असतं.” त्यानं कीबोर्ड ओढून घेतला आणि डब्यात लिहिलं: कोणी नाही. ओळ लालच राहिली. त्यानं अल्काचं नाव लिहिलं. तरी लाल. स्वतःचं नाव त्यानं लिहून पाहिलं नाही. का, ते त्यानं स्वतःलाही विचारलं नाही.

केवलराम दारातून डोकावला. “अरे भाई, एकच तर घर आहे. जाऊन पूछ ले ना. काय एवढं?”

“जातो,” राजदीप म्हणाला. “मीच जातो. नाहीतरी या ऑफिसात घराचा पत्ता वाचता येणारा मी एकटाच आहे.” आणि कपाटातला ऑपरेटरचा एक लॅपटॉप त्यानं मुद्दाम, सगळ्यांना दिसेल असा, खांद्याला लावला.

७

दिवसाउजेडी तो कधी घरी येत नसे. गल्ली त्याला अनोळखी वाटली. वाळत घातलेले कपडे, रेडिओवरची हिंदी गाणी, कुठेतरी फोडणीचा ठसका. आपण रोज इथे झोपायला येतो आणि ही जागा आपल्याला ठाऊक नाही, असा एक विचार त्याला शिवला, आणि कपड्यांवरची धूळ झटकावी तसा त्यानं तो झटकला.

खिशात किल्ली होती. पण त्यानं घंटी वाजवली. अल्कानं दार उघडलं तेव्हा त्याला एक टवाळी सुचली. कमरेत वाकून, मंगरूची नक्कल करत, तो म्हणाला, “सर्व्हेवाला हाय बाई. आत कोन हाय?”

अल्का हसली नाही. दचकलीही नाही. ओले हात पदराला पुसत ती म्हणाली, “साहेब आहेत.”

“कोण साहेब?”

“आमचे हे. राजदीप.” तिनं नाव नीट, सावकाश सांगितलं, लिहून घेणाऱ्याला सांगतात तसं. “कॉम्प्युटरच्या ऑफिसात आहेत.”

“अल्का,” तो आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाला, “पुरे झालं.”

तिनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. एवढं निरखून तिनं गेल्या कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं, की पाहिलं असेल आणि त्यानं पाहिलं नव्हतं, कोण जाणे. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, खोडी नव्हती. उन्हातान्हात वणवण करणाऱ्या माणसाविषयी असते तेवढी कणव होती, आणि ओळख अजिबात नव्हती.

“कोण आहे गं?” आतल्या खोलीतून आवाज आला.

राजदीपला तो लगेच कळला नाही. आपला आवाज आपल्याला बाहेरून ऐकू येतो तेव्हा तो नेहमी थोडा परका लागतो.

“सर्व्हेवाले आहेत,” अल्का मान वळवून म्हणाली.

“हाकल त्यांना. कुठून कुठून उचलून आणतात हे नमुने! धड नाव लिहिता येत नसेल त्याला. अन् असल्यांना दारात उभं करत जाऊ नकोस.”

राजदीपला तिच्या खांद्यावरून आत दिसत होतं. समोरची खोली, मग पडदा अर्धा सरकवलेली मधली, मग शेवटची. पलंगाच्या कडेला कोणाचे तरी गुडघे दिसत होते, त्यावर उघडा पडलेला पेपर, आणि पेपराबाहेर आलेला एक हात. तो हात माशी हाकलल्यासारखा हवेत हलला. काय कंटाळा होता त्या हलण्यात! ज्याच्यासाठी तो हलत होता त्याची किंमत त्या एका झटक्यात ठरून गेली होती. राजदीप असाच हात हलवी, हजार वेळा हलवला असेल, पण तो समोरच्याला कसा दिसतो हे त्याला माहीत नव्हतं.

त्याला आत जाता आलं असतं. अल्का दारातून बाजूलाही झाली होती. चार पावलं टाकून पडदा ओढायचा की झालं. पण आत जायचं तर त्या पेपरामागचा चेहरा बघावा लागला असता, आणि त्या चेहऱ्यानं त्याच्याकडे बघितलं असतं, त्याच नजरेनं. त्याचा पाय उंबऱ्यापाशी उचलला गेला आणि तिथेच खाली आला.

“लिहिलं?” अल्कानं विचारलं.

त्यानं लॅपटॉप उघडला. डब्यात त्यानं राजदीप असं लिहिलं. ओळीचा लाल रंग गेला. ती बाकीच्या घरांसारखी झाली.

“लिहिलं,” तो म्हणाला.

“उन्हाचं आलात,” अल्का खालच्या आवाजात म्हणाली, आत ऐकू जाऊ नये म्हणून. “पाणी देऊ का भाऊ?”

८

पाणी तो प्यायला. ओट्यावर उभं राहून, पेला तोंडाला न लावता, वरून. तसं का प्यायला, ते त्याला कळलं नाही. तिनं पेला घेतला, दार लावलं. आतून हसण्याचा आवाज आला. मग अल्काचाही, थोडासा. घरात अल्का हसते हे त्याला माहीत नव्हतं.

शेजारच्या घरात मंदाबाई राहायच्या. वडिलांच्या वेळेपासूनचा शेजार. गावाहून इथल्या शाळेत आलेल्या राजदीपला त्यांनी चड्डीत पाहिलं होतं, त्याच्या बापाला खांदा द्यायला त्यांचीच मुलं आली होती. रोज सकाळी त्या ‘जय भीम’ म्हणत आणि हा नुसती मान हलवून गाडीला किक मारी. बडबडी, अडाणी बाई. पण ती ओळखेल. ओळखायलाच हवं. दुसऱ्या कोणी ओळखायची त्याला आज गरज नव्हती, एक माणूस पुरे होतं.

त्यानं त्यांचं दार वाजवलं. आत फरशीवर काहीतरी सरकल्याचा आवाज झाला, मग चपलांचा.

दार उघडलं. मंदाबाई चष्मा पुसत उभ्या होत्या.

“जय भीम, काकू,” राजदीप म्हणाला. “काकू, मी...”

मंदाबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग खांद्यावरच्या लॅपटॉपकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला.

“मी आहो बाप्पा आत,” त्या म्हणाल्या. “लिहून घे.”

आतून, त्यांच्यामागच्या अंधारातून, कोणीतरी त्यांच्याच म्हाताऱ्या आवाजात विचारलं, कोन आलं हाय, म्हणून. मंदाबाई राजदीपकडेच बघत होत्या.

“काऊन रे, दमला काय?” त्या म्हणाल्या आणि ओट्याकडे हात दाखवला. “बस. भायेर बस थोडा वेळ.”